सागरी मार्गाने दिवेआगर ते गोवा, पाच दिवसांत जमेल का? प्लॅन बघून सांगा

केवडा
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत गुरुवार ते सोमवार असे पाच दिवस जुळवून आणलेत आणि या वेळी हायवेने न जाता समुद्राच्या कडेकडेने जायचं असं घरात ठरलंय. पुण्यातून निघणार. आम्ही दोघं, मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची आणि सासूबाई, सत्तरीच्या, गुडघे जेमतेम, पूर्ण शाकाहारी. नवरा बरोब्बर उलट, त्याला तिन्ही वेळा मासे दिले तरी चालतात. गाडी साधी हॅचबॅक, चालवणारे आम्ही दोघंही.

कच्चा प्लॅन असा :
गुरु : पुणे, ताम्हिणी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर मुक्काम
शुक्र : बागमांडला फेरी, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ फेरी, गुहागर मुक्काम
शनि : हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग मुक्काम
रवि : देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, जमलं तर स्कूबा
सोम : वेंगुर्ला, रेडी, तेरेखोल, गोव्यात जेवण, आंबोलीमार्गे रात्री पुणे

गूगल मॅपवर हे सगळं बसतंय. प्रत्यक्षात बसेल का? आणि जेवणाचं कुठे काय ते पण सांगा प्लीज, आमच्याकडे भांडण फक्त त्यावरूनच होतं.

मिस्टर_घाटी
सोमवारची ओळ दोनदा वाचली. गोव्यात जेवून रात्री पुणे? जेवण म्हणजे वडापाव पार्सल ना?

चाकरमानी
बसतो की प्लॅन! का नाही बसणार? आम्ही मित्रांनी बाईकवर मुंबई ते पणजी चार दिवसांत केलंय, सगळे बीच करत करत. पहाटे पाचला निघायचं, नाश्ता गाडीवरच, दुपारी जेवणात वेळ घालवायचा नाही. किनारा सलग बघण्यात जी मजा आहे ती तुकड्या-तुकड्यात नाही. अर्धवट करू नका, नंतर कधीच होत नाही ते.

मिस्टर_घाटी
@चाकरमानी त्यांच्याबरोबर सहा वर्षांची पोरगी आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत हो, पहाटे पाचला कोणाला उठवताय.

भरतीओहोटी
केवडाताई, प्लॅन वाईट नाही, दिवस कमी आहेत इतकंच. मी गाव हरिहरेश्वरजवळ असल्यामुळे या रस्त्यावर कायम असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सागरी मार्ग असा एक सलग रस्ता अजून नाहीये. रेवस ते रेडी असं नाव घेतात, बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय आम्ही, पण मध्ये खाड्या येतात आणि जिथे पूल नाही तिथे एक तर फेरी नाहीतर आत हायवेपर्यंत जाऊन येणारा लांबचा वळसा. तुमच्या रस्त्यावर बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा तीन फेऱ्या येतात. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटंच लागतात पण तुमच्या डोळ्यासमोर एक सुटली की पुढचीची वाट बघा, आणि शनिवार-रविवारी रांग असते. गूगल हे धरत नाही. रस्ता एकेरी, चढउतार, दर वळणावर एसटी नाहीतर म्हैस, त्यामुळे तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरा, त्याच्या वर नाही. तुमच्या शुक्रवारात नुसतं ड्रायव्हिंगच सकाळ ते संध्याकाळ होतं, उतरून बघायचं कधी?

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे तिथी. कोकणात घड्याळापेक्षा तिथी बघून निघायचं. जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे होतं, पण ट्रिप ठरवायला पुरतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच होते, भरतीला त्या खडकांवर जायचं नाही म्हणजे नाही, दरवर्षी कोणीतरी फोटोच्या नादात लाटेबरोबर जातं. उलट हेदवीच्या बामणघळीत पाणी उडायला भरतीच लागते, ओहोटीला गेलात तर एक कोरडी चीर बघून परत याल आणि म्हणाल यात काय एवढं.

तुमचा गुरुवार कोणत्या तिथीला येतोय ते सांगा, मग बघू.

केवडा
बाप रे, हे पाऊणपट प्रकरण माहीतच नव्हतं. सासूबाईंनी लगेच कालनिर्णय काढलं. गुरुवारी माघ शुद्ध अष्टमी आहे म्हणाल्या.

भरतीओहोटी
म्हणजे गुरुवारी संध्याकाळी सहाला तुम्ही हरिहरेश्वरला पोचाल तेव्हा नेमकी भरती. शुक्रवारी नवमी, पावणेसातला भरती, ओहोटी दुपारी पाऊण-एकला. तुमच्या प्लॅनप्रमाणे तेव्हा तुम्ही केळशीत असणार. म्हणजे प्रदक्षिणा गेली. आणि अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, उधाण नसतं, त्यामुळे बामणघळ या वेळी विसराच, जोर नसतो पाण्याला. पण पोरांना घेऊन किनाऱ्यावर जायला भांगाचे दिवस बरे.

प्रदक्षिणेत देवळाच्या मागून टेकडी चढून मग खडकातल्या चिरेतून पायऱ्या उतरायच्या आहेत. सासूबाईंनी देवळातच बसावं.

सासुरवाडी_मालवण
पाच दिसांत रेडीक पोचतलास ओ, पण बघतलास काय? फकस्त ष्टेरिंग!
(बायको मालवणची म्हणून तेवढं लिहिता येतं, पुढचं पुण्याच्या मराठीत.) मालवणला रविवारी दुपारी पोचून सोमवारी सकाळी निघणं म्हणजे मालवणचा अपमान. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जाणं, किल्ला फिरणं आणि परत येणं यातच अर्धा दिवस जातो, वर स्कूबाला सकाळची वेळ बरी, वारा उठला की पाणी गढूळ होतं आणि पैसे देऊन आपण आपलाच हात बघत बसतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, भोगवे, निवती, आचऱ्याचं रामेश्वर मंदिर, वेंगुर्ल्याची पडकी डच वखार, शिरोड्याची मिठागरं, हे सगळं काय खिडकीतून बघणार? मालवण वेगळं करा. रात्रीच्या ट्रेनने कुडाळ, तिथून रिक्षा नाहीतर एसटी, गाडी घरीच ठेवा. फक्त २६ मे ते ३१ ऑगस्ट होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात ते बघून जा.

गोट्या२
पण मग विजयदुर्ग राहिला!! हेलियमचा शोध लागला ती जागा आहे राव ती, साहेबाचे ओटे अजून आहेत किल्ल्यावर, मुलांना दाखवायलाच पाहिजे.

भरतीओहोटी
गोट्याभाऊ, ते इतकं सरळ नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा दिसली हे खरं, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होता, आणि ज्या लॉकियरचं नाव विजयदुर्गाला चिकटवतात त्याने ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून बघितली. किल्ला बघायला हेलियम कशाला पाहिजे, तीन तटबंद्या आणि तिन्ही बाजूंनी पाणी एवढं पुरे आहे.

गोट्या२
आमच्या गाईडने तर लॉकियर कुठे उभा होता ती जागा दाखवली होती

मिस्टर_घाटी
गाईडला पण पोट आहे. विषयावर या मंडळी.

केवडा
वाचतेय सगळं. खरं सांगायचं तर मलाही गोवा वगैरे फक्त फिनिश लाईन म्हणून टाकलं होतं असं आता वाटायला लागलंय. नवरा मात्र स्कूबा सोडायला तयार नाही, त्याचं म्हणणं आख्खा किनारा नाही तर नाही, पण मग सरळ हायवेने मालवणला जाऊन तीन दिवस बसू. मला मधला भाग बघायचाय, दापोली-गुहागर. सासूबाईंना गणपतीपुळे. मुलांना कासवं (शाळेत सांगितलंय कोणीतरी). आता काय कापू?

उंडगा
कासवं असतील तर मग वेळासला मुक्काम हवाच, जाताजाता बघण्यातली गोष्ट नाही ती. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री वाळूत अंडी घालून जातात, गावातली मंडळी ती अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायला जाळी लावलेल्या हॅचरीत नेऊन पुरतात, आणि दीडपावणेदोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. ती सकाळी आणि संध्याकाळी ऊन नसताना सोडतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी एक चान्स आणि शनिवारी सकाळी दुसरा, यासाठी मुक्काम. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन हे उभं केलं, २००६ पासून कासव महोत्सव होतोय, आणि आता राहायची सोय गावातल्या घरांतूनच आहे. साधी खोली, साधं जेवण, एसी शोधू नका.

दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवा. एक, पिल्लं दिसतील याची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, फेब्रुवारी म्हणजे सुरुवात, मार्चमध्ये जास्त. दोन, पिल्लू हातात घ्यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. मोठ्या माणसांनाच हे जास्त सांगावं लागतं म्हणा. आणि गावातून किनाऱ्यापर्यंत चालणं आहे, सासूबाईंसाठी घरमालकाला विचारून ठेवा गाडी कुठपर्यंत जाते ते. नाहीच जमलं तर गावात नाना फडणविसांचं घराणं होतं ती जागा आहे, महालक्ष्मीचं देऊळ आहे, त्यांचा वेळ जाईल.

अलिबागचा_कांदा
सगळे एकदम दिवेआगरपासूनच सुरू करतात, आमचा रायगड म्हणजे काय फक्त शनिवार-रविवारचा दारूचा अड्डा आहे का? रेवदंडा, कोर्लई (किल्ल्याखालच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली वेगळीच बोली बोलतात), काशीद, मुरुड, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, मग आगरदांडा-दिघी फेरीने गाडीसकट पलीकडे, की आलंच दिवेआगर. थंडीत आलात तर पोपटी मिळते, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि पाहिजे तर चिकन, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. शाकाहारी मडकं वेगळं लावून देतात, सासूबाई पण खूश.

केवडा
@अलिबागचा_कांदा जंजिरा मुलाच्या शाळेची ट्रिप होऊन गेलीय हो, म्हणून वगळलं, राग नसावा. पोपटी मात्र नोंद केलीय.

खडपातला_खेकडा
जेवणावर कोणीच धड लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

तुम्ही सासूबाईंची काळजी करताय, काळजी नवऱ्याची करा! दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर इथे नारळ-सुपारीच्या वाड्यांमधली जी घरगुती राहायची सोय आहे ती बरीचशी शाकाहारी, काही घरांत अंडंसुद्धा चालत नाही. तिथे सासूबाई राणी. सकाळी घावन नाहीतर आंबोळी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दडपे पोहे, दुपारी आमटी-भात, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, सोलकढी. फेब्रुवारी म्हणजे नशीब असेल तर ओल्या काजूची उसळ, कोवळ्या फणसाची कुयरीची भाजी. हे हॉटेलच्या मेनूकार्डावर मिळत नाही, घरी सांगावं लागतं, आणि आदल्या रात्री सांगावं लागतं. बारा वाजता फोन करून पाच जण येतोय म्हणालात तर समोरची काकू या म्हणेल पण मनातून काय म्हणेल ते विचारू नका. मोदक हवे असतील तर माणशी किती ते आकड्यात सांगा. 'थोडे' असं सांगू नका, थोडे म्हणजे अकरा की एकवीस हे त्यांना कसं कळणार.

माशांसाठी कोळीवाडे असलेली गावं धरा : भरडखोल, श्रीवर्धन, हर्णै, पुढे गेलात तर रत्नागिरी. आणि कृपा करून फक्त सुरमई-पापलेट मागू नका, ते पुण्यात पण मिळतं. ताजी मांदेली कुरकुरीत तळलेली, सौंदाळा, बांगड्याचं तिखलं, कालवं, तिसऱ्याचं सुकं, हे खा. पापलेट आकारावर लावतात, भाव आधी विचारा, बिल आल्यावर तोंड करण्यात अर्थ नाही.

हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो तो मात्र पाच जणांनी मिळून बघण्यासारखा. बोटी लांब पाण्यात उभ्या राहतात, माल छोट्या होड्यांतून वाळूवर येतो, टोपल्या मांडल्या जातात आणि बोली सुरू. चारनंतर जा. आपल्याला अख्खी टोपली नको असते, पण कडेला बसलेल्या मावश्यांकडून वाटा घ्यायचा आणि जिथे मुक्काम आहे तिथे ठरवून ठेवलं असेल तर करून देतात. तेवढ्यासाठी हर्णै-मुरुड बाजूला मांसाहारी घर बघा आणि सासूबाईंचं स्वयंपाकघर वेगळं आहे ना ते स्पष्ट विचारा. शेवटची टीप, हापूस फेब्रुवारीत कोणी देत असेल तर घेऊ नका, खरा माल मार्चच्या मध्यानंतर.

चहाबाज
खेकडेभाऊंना एक मोठ्ठा +१. फक्त बिरडं लिहिताना वाल सोलणाऱ्याचा उल्लेख पाहिजे होता, खरा त्रास त्याचा.

गुहागरी_मीठ
मी गुहागरची सून, आता ठाण्यात. थोडं रस्त्याचं आणि थोडं पाण्याचं.

दाभोळला उतरायचा रस्ता अरुंद आहे आणि बाजारातून जातो, समोरून ट्रक आला की थांबा. फेरीवर गाडी कधी कधी उलटी चढवायला सांगतात, घाबरायचं नाही, ती मुलं हाताने इंच इंच सांगतात, आरशात बघायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. सासूबाईंना आधी उतरवून चालत चढवा. वेटिंगला वेळ असेल तर दाभोळची अंडा मशीद जवळच आहे, विजापूरकरांच्या काळातलं देखणं बांधकाम, एकेकाळी हे बंदर केवढं मोठं होतं ते तिथे गेल्यावर पटतं. पलीकडे अंजनवेलला तो सुप्रसिद्ध एन्रॉनचा प्रकल्प, आता नाव वेगळं.

गुहागरचा किनारा लांबच लांब आणि मागे सुरूचं बन, व्याडेश्वराच्या देवळापासून चालत किनारा. सासूबाईंना हे सगळ्यात सोपं पडेल, चढ नाही काही नाही.

आता पाण्याचं. ओहोटी लागली की पोरांना पाण्यात सोडायचं नाही. पाणी शांत दिसतं, आणि तेव्हाच ओढतं. वाळूत उभं राहिल्यावर पायाखालची वाळू झपाट्याने सरकायला लागली तर लगेच मागे. गाववाला 'इथे नको' म्हणाला तर का असं विचारत बसू नका. आणि गाडी वाळूवर न्यायचा मोह टाळा, दर सुट्टीला एखादी एसयूव्ही रुतते, मग भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधा, तोपर्यंत अख्खा गाव बघायला जमतो.

चाकरमानी
बरं, गोवा सोडा. पण निदान रत्नागिरीपर्यंत तरी जाच. जयगडचं बंदर, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे, आरे-वारेचा तो वरून दिसणारा जोड किनारा, थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा राजा शेवटची तीस वर्षं रत्नागिरीत नजरकैदेत होता ही गोष्ट पोरांना सांगितली तर विसरणार नाहीत. आंबा घाटाने परत, मलकापूर-कोकरूड-शिराळा करून पेठ नाक्याला हायवे. जमतंय की.

भरतीओहोटी
जमतं, पण मग वेळासचा मुक्काम उडतो नाहीतर हर्णै उडतं. पाच दिवसांत चार मुक्काम, त्यातले दोन तरी असे हवेत की दुपारी चारच्या आत सामान खोलीत टाकून माणूस मोकळा. नाहीतर सगळ्या गावांची फक्त बोर्डं वाचली जातात. थिबा राजवाडा सोमवारी बंद असतो, तेही धरा.

केवडा
काल रात्री घरात बैठक झाली. बरीच ओढाताण झाली, शेवटी सासूबाईच म्हणाल्या की मला गणपतीच हवाय ना, मग आंजर्ल्याचा कड्यावरचा बघू, पुळ्याला मी मंडळाच्या बसने जाईन, तिथे तुमच्या फेऱ्या नसतात. नवऱ्याला स्कूबाच्या बदल्यात दिवाळीनंतर मालवण लिहून दिलंय (ट्रेनने, @सासुरवाडी_मालवण यांचं ऐकून).

सुधारित :
गुरुवारी ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करून दुपारपर्यंत दिवेआगर, सुवर्णगणेश, बाकी काही नाही, किनारा.
शुक्रवारी नऊला निघून भरडखोल-शेखाडीच्या समुद्राच्या रस्त्याने श्रीवर्धन, साडेअकराला हरिहरेश्वर, साडेबाराला ओहोटी बघून नवरा आणि मुलगा प्रदक्षिणा, मी बाकीच्या दोघींबरोबर देवळात. जेवून फेरी, चारपर्यंत वेळास.
शनिवारी सकाळी परत कासवं, मग केळशीला वाळूची टेकडी लांबून, आंजर्ल्याला जेवण आणि कड्यावरचा गणपती, संध्याकाळी हर्णैचा लिलाव, मुक्काम हर्णैजवळच्या मुरुडला.
रविवारी सावकाश निघून दाभोळ फेरी, गुहागर.
सोमवारी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, पुणे.

आता कोणी काही वाढवायला सांगू नका, फक्त चूक काढा.

उंडगा
वेळासहून केळशी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते पण मध्ये खाडी आहे, आत वळून यावं लागतं. सकाळची पिल्लं बघून, नाश्ता करून नऊला निघालात तर आंजर्ल्याचं जेवण गाठाल. केळशीला टेकडीवर चढू नका, ती आधीच ढासळतेय.

भरतीओहोटी
शेखाडीचा रस्ता निवडलात ते फार बरं केलंत. दोन-तीन ठिकाणी थांबायला जागा आहे, तिथेच थांबा, वळणावर थांबू नका. बागमांडल्याच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या आणि तिथे सुट्टे पैसे ठेवा, रेंज येते-जाते, यूपीआयच्या भरवशावर राहू नका. पेट्रोल श्रीवर्धनला भरा, पुढे दापोलीपर्यंत विचार नको.

कड्यावरच्या गणपतीला आता गाडी वरपर्यंत जाते, पायऱ्यांची चिंता नाही. आणि तिथून सुवर्णदुर्ग दिसतो, नवऱ्याला सांगा स्कूबा नाही तर निदान किल्ला तरी.

खडपातला_खेकडा
एक मिनिट. गुरुवार अष्टमी, म्हणजे शनिवार दशमी आणि रविवार एकादशी. सासूबाई धरतात का?

केवडा
अरे देवा. धरतात. कडक धरतात, फळं आणि दूध, फार तर साबुदाणा.

खडपातला_खेकडा
मग गुहागरच्या घरी आजच कळवा, भगर आणि दाण्याची आमटी होते का विचारा, आयत्या वेळी फक्त केळी हातात पडतील. आणि मोदक रविवारी गुहागरला ठरवले असतील तर हलवा, तांदळाची उकड एकादशीला चालणार नाही. शनिवारी दुपारी आंजर्ल्याला सांगा.

चहाबाज
आणि माणशी किती ते आकड्यात.

केवडा
आंजर्ल्याला फोन झाला. सासूबाई सात, मुलं पाच-पाच, मी सात. नवरा म्हणतोय मी संध्याकाळी हर्णैला जेवणार आहे, मला दोनच. त्याचे पण सातच सांगितलेत.